लाल पट्टी

१

टॉवरच्या खोलीत रात्री दिवा लावत नाहीत. लग्नाची रजा संपवून तेजस्वी पुन्हा ड्युटीवर जायला लागली तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "अंधारात बसून काय काम करता गं तुम्ही?" आणि तिला पटकन सांगता आलं नव्हतं. आत उजेड असला की काचेत आपलंच तोंड दिसतं, बाहेरचं विमान दिसत नाही. एवढं साधं. पण साधी गोष्ट समजावून सांगायला गेलं की ती खोटी वाटायला लागते, म्हणून ती नुसती हसली होती.

दिवाळीनंतर कोल्हापूरला संध्याकाळची विमानं वाढली होती. सात ते साडेनऊच्या दरम्यान चार उतरायची, तीन उडायची. मुंबईच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण रनवे एकच, आणि टॉवरात माणसं दोन. अशा ठिकाणी अडीच तासांत सात विमानं म्हणजे रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढची गर्दी.

तिच्यासमोर उतरतं टेबल होतं. त्यावर प्रत्येक विमानाची एक अशा कागदी पट्ट्या ओळीनं लावलेल्या. आणि बाजूला एक लाल पट्टी, प्लास्टिकची, बोटभर रुंद. तिच्यावर काहीच लिहिलेलं नसे. रनवेवर गाडी गेली की ही लाल पट्टी टेबलावर मधोमध आडवी ठेवायची. गाडीवाल्यानं स्वतःच्या तोंडानं 'बाहेर आलो' म्हटल्याशिवाय ती उचलायची नाही, आणि ती जागेवर असेपर्यंत कुठल्याही विमानाला 'उतर' म्हणायचं नाही. प्रशिक्षणात त्यांना जुन्या अपघातांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातल्या बहुतेक गोष्टींत टॉवरातलं एखादं हुशार, पूर्ण जागं माणूस रनवेवरची गाडी चक्क विसरून गेलेलं असायचं. म्हणून ही लाल पट्टी.

गाडी म्हणजे केरबाकाकांची जीप. विमानं यायच्या आधी ते रनवेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरी मारायचे. कुत्रं, कोल्हा, एखादा दगड, टिटवीची अंडी, सगळं बघायचे. जीपच्या टपावर पिवळा गरगरता दिवा. फेरी झाली की रेडिओवर आवाज यायचा, "टॉवर, जीप वन, रनवे व्हेकेटेड." आणि एवढ्या इंग्रजीनं त्यांचं समाधान होत नसल्यामुळं पुढं, "भाईर आलो." हे शेपूट जोडू नका म्हणून त्यांना वरून दहा वेळा सांगून झालं होतं. शेपूट काही गेलं नव्हतं.

त्या मंगळवारी सात वाजून बारा मिनिटांनी आवाज आला. "टॉवर, जीप वन, रनवे व्हेकेटेड. भाईर आलो."

तेजस्वीनं वेळ लिहिली, लाल पट्टी उचलली. हैदराबादचं विमान अजून बारा मैलांवर होतं. तिनं माईकला हात घातला आणि सवयीनं काचेतून बाहेर बघितलं.

रनवेच्या पार पलीकडच्या टोकाला पिवळा दिवा फिरत होता.

ती मनाशी म्हणाली, असेल कडेला. एवढ्या लांबून रनवेवरची गाडी आणि कडेची गाडी यांत बोटभराचा फरक दिसतो. म्हणून तिनं खरंच काचेवर बोट ठेवून बघितलं. पिवळा दिवा पांढऱ्या दिव्यांच्या दोन रांगांच्या बरोबर मध्ये होता.

तिनं लाल पट्टी परत जागेवर ठेवली. "जीप वन, कुठं आहात?"

उत्तर नाही. चार मिनिटं नाही. मग तो पिवळा दिवा सावकाश वळला, निळ्या दिव्यांच्या वाटेनं बाहेर आला आणि रेडिओवर डिझेल इंजिनाच्या खडखडाटासकट केरबाकाकांचा आवाज आला. "टॉवर, जीप वन, रनवे व्हेकेटेड. भाईर आलो."

सात सोळा. विमान तीन मैलांवर. तिनं उतरायची परवानगी दिली, विमान उतरलं, माणसं बॅगा घेऊन घरी गेली. काहीही झालं नव्हतं.

मागच्या खुर्चीवर विश्वजित सर बसले होते, शिफ्टचे प्रमुख. त्या खुर्चीचा कसलासा स्क्रू ढिला होता. कुणी बसलं-उठलं की ती बदकासारखी ओरडायची. सरांनी अंधारातून विचारलं, "किती वेळा बोलला?"

"दोनदा."

"हं," सर म्हणाले. आणि वहीत काहीतरी लिहायला लागले. एवढ्या अंधारात काय लिहीत होते कोण जाणे.

२

मंगळवार पेठेतलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. जिन्यातला दिवा गणपतीपासून गेलेला. दुरुस्त कुणी करायचा यावर तीन मजल्यांचं एकमत होत नव्हतं. त्यामुळं तेजस्वी रोज रात्री ते तीन जिने पळत चढायची आणि दारात येऊन धापा टाकायची.

"वैनी, टॉवरात राहत्येस आणि तीन जिन्यांनी दमत्येस व्हय?" साक्षी, तिची नणंद, रोज हेच म्हणायची आणि रोज स्वतःच हसायची.

"टॉवरच्या शहाण्णव पायऱ्या चढल्या की वर तास दोन तास बसायला मिळतं. इथं चढलं की लगेच तुझ्याशी बोलावं लागतं."

साक्षीला अशी उत्तरं आवडायची. घरात नवीन आलेलं माणूस गप्प आहे असं सगळ्यांना वाटत असताना तो गप्पपणा फक्त आपल्यापुढं उघडतो, याचा तिला मान वाटत असावा.

या घरात रात्री कडी लावायची एक रीत होती. मीनाबाई, म्हणजे सासूबाई, दारातल्या फळीवरच्या चपला मोजायच्या. मोठमोठ्यानं, नावं घेऊन. "साक्षीची. प्रसेनजीतची. माझी. तेजस्वीची." पण नुसत्या चपलांवर त्यांचा भरवसा नसे. शेवटी यायचं ते माणूस तोंडानं 'आले' म्हणेपर्यंत कडीला हात नाही. पूर्वी याच दोन खोल्यांत अकरा माणसं राहायची, तेव्हाची सवय.

"चपला दिसतायत की आई," पहिल्या आठवड्यात तेजस्वी म्हणाली होती.

"चप्पल काय, चप्पल माणूस आत न्हाय आलं तरी येती. तू म्हण, आले."

"आले."

"हां. लाव गं साक्षी कडी."

तेजस्वीला तेव्हा लाल पट्टी आठवली होती आणि ही बाई टॉवरात छान शोभली असती असं वाटलं होतं. त्या मंगळवारी मात्र 'आले' म्हणताना ती क्षणभर थांबली.

रात्री तिनं प्रसेनजीतला सगळं सांगितलं. तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, त्यामुळं त्याला कशाचंही नवल वाटायचं नाही.

"म्हातारा लवकर बोलून मोकळा होतोय, तेजू. बाहेर यायच्या आधीच. रोजचं काम, कंटाळा. मग दुसऱ्यांदा मनाला लागलं म्हणून परत बोलला."

"मी विचारलं तेव्हा का नाही बोलला मग?"

"घाबरला असेल."

हे पटण्यासारखं होतं. ती कूस बदलून झोपली. पण पटलेल्या गोष्टीनं झोप लागायला हवी ना.

३

टॉवरातलं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं खालच्या खोलीत बसून ते ऐकलं, कानाला हेडफोन लावून.

सात सोळाचा आवाज: खाली इंजिन, सैल नंबरप्लेटची किरकिर, वारा, मध्येच एक खोकला.

सात बाराचा आवाज: केरबाकाका. तीच लकब, तेच शेपूट. आणि त्या आवाजाखाली काहीच नाही. इंजिन नाही, वारा नाही, रेडिओची खरखरसुद्धा नाही. बंद कपाटात बसून बोलावं तसा स्वच्छ आवाज.

तिनं केरबाकाकांना बोलावून घेतलं. साठीला आलेला माणूस, कानात बाळी, डोक्यावर टोपी. विमानतळाचं कुंपण पडायच्या आधी ते याच माळावर म्हशी राखायचे. मार्चमध्ये निवृत्त होणार होते. हेडफोन टोपीवरून घालता येईना, म्हणून टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून ऐकलं. दोनदा ऐकलं.

"माझाच हाय की," ते म्हणाले.

"मग, काका?"

"पर मी न्हाय."

तेजस्वी त्यांच्याकडं बघत राहिली. खोटं बोलणारी माणसं तिनं बघितली होती. ती अशी गोंधळून जात नाहीत. पण पक्की खोटं बोलणारी कशी दिसतात हे तिला कुठं माहीत होतं?

"काका, रागावू नका. आत असतानाच बोलता का तुम्ही कधी? घाई असते, विमान डोक्यावर येतंय…"

त्यांनी टोपी घातली, उठले. "म्याडम, ह्या माळाला म्या बारा वर्सं म्हशी राखल्यात. शेवटची म्हस आत आली न्हाय तवर गोठ्याचं दार लावलं न्हाय. आता ह्या वयात लबाडी करू व्हय?"

दारापर्यंत गेले आणि वळले. "त्यो मानूस बोलतोय तर दम कुटं घेतोय? ऐका की परत. म्या दोन शब्द बोललो तरी मधी दम घेतोय."

तिनं परत ऐकलं. दम नव्हता.

४

विश्वजित सर चौकशीचा फॉर्म तिच्यापुढं सरकवून म्हणाले, "लिहायचं तर लिही. रनवेवर गाडी असताना खोटं 'बाहेर आलो' म्हणजे साधी गोष्ट नाही. फक्त मार्चमध्ये सुटतोय तो, एवढं लक्षात ठेव. शेवटच्या कागदावर डाग घेऊन जाईल."

"तुम्हाला काय वाटतं, सर?"

"मला काय वाटायचंय. माईकवर तू होतीस."

या माणसाबद्दल तिला संशय यायला लागला होता. कारण तिनं एक गोष्ट पूर्वीच बघून ठेवली होती. माईकवर सर असले की केरबाकाकांचं 'भाईर आलो' ऐकून ते पट्टी उचलायचे नाहीत. "जीप वन, परत सांगा," म्हणायचे. दुसऱ्यांदा आलं की मग उचलायचे. ती मनात म्हणायची, सरांचे कान गेलेत.

"सर, तुम्ही दोनदा का विचारता?"

"सवय."

"कधीपासून?"

"इथं बदली झाल्यापासून." सरांनी चष्मा पुसायला घेतला. "आधीच्यांनी सांगितलं होतं. दोनदा विचारत जा म्हणून. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी."

"आणि त्याआधी तुम्ही जिथं होता तिथं?"

"तिथं एकदाच पुरायचं."

एवढं बोलून ते चष्मा पुसत राहिले. चष्मा कधीच स्वच्छ झाला होता. नव्या पोरीची गंमत करतायत दोघं मिळून, असं तिला वाटलं. तसं असतं तर बरं झालं असतं. मग वाटलं, सर म्हाताऱ्याला पाठीशी घालतायत. मग वाटलं, सर मला पुढं करून त्याला घालवतायत. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं, तरी ती तिन्ही धरून बसली.

फॉर्म तिनं भरला. केरबाकाकांचं नाव, वेळ, सगळं. सोमवारी द्यायचं ठरवून खणात ठेवला. आणि तोवर तीही 'परत सांगा' म्हणायला लागली. गुरुवारी पहिला आवाज स्वच्छ आला. ती म्हणाली, "परत सांगा." शांतता. तीन मिनिटांनी खडखडाटासकट, खोकल्यासकट दुसरा आला. शुक्रवारीही तसंच. शुक्रवारी तिनं त्या तीन मिनिटांत दुर्बीण लावली होती. जीप रनवेवर होती आणि आतल्या दिव्याच्या उजेडात, स्टिअरिंगमागं केरबाकाका तोंड मिटून बसले होते.

५

शनिवारी संध्याकाळी ऊसवाल्यांनी फडात पाचट पेटवलं. वारा पडलेला, त्यामुळं धूर उठून जाईना. रनवेच्या पलीकडच्या अर्ध्या भागावर गोधडीसारखा पसरून राहिला. पांढरे दिवे एकेक करत धुरकट होत गेले.

"फायर स्टेशनपाशी जाऊन बघतो कुठवर आलाय ते," विश्वजित सर म्हणाले. "वॉकीटॉकी आहे हातात. लगेच येतो."

लगेच म्हणजे शहाण्णव पायऱ्या खाली आणि शहाण्णव वर. सरांचं वजन बघता लगेच हा शब्द जरा मोठा होता.

साडेआठला मुंबईचं विमान उडालं आणि वैमानिकानं जाता जाता सांगितलं, शेवटाकडं मध्यरेषेवर काहीतरी बसलं होतं, कुत्रं असावं. तेजस्वीनं केरबाकाकांना आत पाठवलं. लाल पट्टी मधोमध ठेवली. अहमदाबादचं विमान वीस मैलांवर होतं. जीपचा पिवळा दिवा धुरात शिरला, थोडा वेळ मळकट दिसला, मग दिसेनासा झाला.

आठ चौतीसला आवाज आला. "टॉवर, जीप वन, रनवे व्हेकेटेड. भाईर आलो."

स्वच्छ. खाली काही नाही.

तिला आता याचं फारसं काही वाटत नव्हतं. माणसाला कशाचीही सवय होते. "जीप वन, परत सांगा," ती म्हणाली आणि शांततेची वाट बघायला लागली.

"टॉवर, जीप वन, रनवे व्हेकेटेड. भाईर आलो."

लगेच. तितकाच स्वच्छ.

दोनदा झालं. नियमानं झालं. पिढ्यान्पिढ्या या खोलीत बसलेल्यांनी ज्याच्यावर भरवसा ठेवला, ते दुसरं उत्तर आलं होतं.

कदाचित इंजिन बंद करून बोलत असतील. शक्य आहे. ती म्हणाली, "जीप वन, दिवा दाखवा."

रनवेच्या बाहेर, फाटकाजवळ, जिथं जीपनं येऊन थांबायचं तिथंच पिवळा दिवा फिरायला लागला. सावकाश, व्यवस्थित.

म्हणजे आले की बाहेर. धुरातनं येताना दिसले नसतील. आवाज दोनदा, दिवा समोर. आणखी काय पाहिजे? विमान सहा मैलांवर आलं होतं. त्याचे दिवे टेकडीवर दिसायला लागले होते. वैमानिक परवानगी मागत होता.

मागं खुर्ची बदकासारखी ओरडली.

"घे काढून," विश्वजित सर म्हणाले. "दोनदा बोलला तो."

तिला हायसं वाटलं. तिनं लाल पट्टीचं एक टोक उचललं. धुराबद्दल सरांना विचारावं म्हणून ती बोलणार होती, आणि तिथंच थांबली.

सर शहाण्णव पायऱ्या चढून आले की दोन मिनिटं बोलत नसत. बोलताच येत नसे. गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे, भात्यासारखे फुसफुसायचे, हातानं 'थांब' अशी खूण करायचे. आठ महिन्यांत एकदाही ते वर येऊन लगेच बोललेले नव्हते.

आणि दाराचा आवाज झाला नव्हता.

खोलीत तिचा स्वतःचा श्वास तिला ऐकू येत होता. दुसरा कुणाचाही नाही.

"काढ की, तेजस्वी," मागून आवाज आला. प्रेमळ होता. जरा जवळून आला.

ती मागं वळली नाही. त्या रात्री तिनं शहाणपणानं केलेली गोष्ट कुठली, तर एवढीच. उचललेलं टोक तिनं खाली टेकवलं, पट्टीवर तळहात दाबून धरला, आणि दुसऱ्या हातानं माईक ओढून विमानाला म्हणाली, "गो अराउंड. उतरू नका. वर जा. रनवेवर गाडी आहे."

दोन मैलांवर आलेलं विमान गरजलं. नाक वर झालं. त्याचे उतरायचे मोठे दिवे धुरावरून सरकत गेले आणि डोळ्याची पापणी लवेल एवढ्या वेळात तिला दिसलं: रनवेच्या मधोमध तिरकी उभी असलेली जीप, बॉनेट वर, दिवा विझलेला, आणि तिच्यापुढं दोन्ही हातांनी टॉर्च हलवत, आभाळाकडं तोंड करून ओरडणारा, टोपी पडलेला एक माणूस.

तोच उजेड पुढं फाटकावरून गेला. तिथं पिवळा दिवा फिरत होता. त्याच्याखाली गाडी नव्हती. पुरुषभर उंचीवर नुसता दिवा.

मग तोही गेला. मागं खुर्ची पुन्हा एकदा ओरडली, कुणी उठल्यावर ओरडते तशी.

६

सर वर आले तेव्हा दारात आपटले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि फुसफुसायला लागले. दुसऱ्या माणसाच्या धापा ऐकून तेजस्वीला इतकं बरं याआधी कधी वाटलं नव्हतं.

"तू…" त्यांनी हातानं थांब म्हटलं. "तू पट्टी… काढली म्हणालीस ना?"

"कधी?"

"मी जिन्यात होतो. वॉकीवर विचारलं तुला, पट्टी कुठं आहे. म्हणालीस, काढली सर, केरबाकाका बाहेर आलेत." त्यांनी घाम पुसला. "मी पळतच आलो मग. कारण मला तर खालून फाटकापाशी जीप दिसली नव्हती."

"मी वॉकीला हातसुद्धा लावला नाही, सर."

"आवाज तुझाच होता."

"खरखर होती?"

सरांनी हातातल्या वॉकीकडं बघितलं. मग म्हणाले, "नाही. स्वच्छ होता."

तिनं खुर्चीतला आवाज आणि फाटकावरचा दिवा, दोन्ही सांगितलं. दोघांपैकी कुणीच खुर्चीवर बसलं नाही. अहमदाबादचं विमान वळसा घालून वीस मिनिटांनी नीट उतरलं. दोघं उभ्यानंच होती.

खाली फायरवाल्यांनी जीप ओढून आणली होती. केरबाकाका टायरवर बसले होते. कुणीतरी दिलेला चहा त्यांनी अजून तोंडाला लावला नव्हता.

"समदंच गेलं एकदम. इंजान, दिवा, रेडिओ. हाका मारतोय, मारतोय, कोन ऐकंना. मग इमान दिसलं." त्यांनी तेजस्वीकडं बघितलं. आज त्यांच्या तोंडात म्याडम नव्हतं. "पोरी, माझ्यावर लिवलंतीस न्हवं?"

"फाडते, काका. आत्ता वर जाऊन फाडते."

"फाड. पर एक सांग. म्या हितं बोंबलत हुतो, तर तिकडं भाईर आलो म्हनलं कोन?"

ती म्हणाली, "चहा घ्या."

"आता माझा आवाज कुटं कुटं फिरणार, काय की," म्हातारा म्हणाला आणि त्यानं चहा घेतला. तेजस्वीच्या मनात मात्र वॉकीतला तिचा स्वतःचा आवाज होता.

वर जाऊन तिनं फॉर्मचे चार तुकडे केले. सरांनी नवीन रजिस्टर काढलं आणि पहिल्या पानावर लिहिलं: गाडी डोळ्यांनी दिसल्याशिवाय पट्टी काढू नये. मग थोडा वेळ विचार करून 'डोळ्यांनी' या शब्दावर काट मारली. त्याच्या जागी काय लिहावं ते त्यांना सुचेना.

७

घरी निघताना साडेदहा झाले होते. रस्त्यात सगळं जागच्या जागी होतं. कोपऱ्यावरचा चहावाला भांडी विसळत होता, एक कुत्रं पोत्यावर गोल होऊन झोपलेलं. हेल्मेटच्या काचेतून हे सगळं बघताना तिला वाटलं, उद्या प्रसेनजीत म्हणेल, रेडिओची गडबड, दमलेलं डोकं, धूर. म्हणू दे. त्याचं ऐकून पटवून घ्यायची तिची आज फार इच्छा होती.

गाडी लावली. जिन्यात अंधार होता. नेहमीप्रमाणं ती पळत सुटली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. दाराच्या फटीतून उजेडाची बारीक रेघ बाहेर पडली होती. आत टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. तिनं बेलकडं हात नेला.

आत मीनाबाई चपला मोजत होत्या.

"साक्षीची. प्रसेनजीतची. माझी." मग जरा थांबून, "तेजस्वीची."

तिचा हात हवेतच राहिला.

"तेजस्वी, आलीस न्हवं गं?"

"आले, आई." दाराच्या अगदी पलीकडून उत्तर आलं. तिचाच आवाज. धापा टाकत, मध्ये अडखळत. "थांबा हं… जिना… पळत आले."

"वैनी, टॉवरात राहत्येस आणि…" साक्षी म्हणाली आणि स्वतःच हसली. तो आवाजही हसला. हसता हसता त्याला ठसका लागला. कुणीतरी पाणी ओतलं. पेल्याला तांब्या लागल्याचा आवाज आला.

"हां. लाव गं साक्षी कडी."

कडी लागली.

हाक मारावी, असं तिच्या मनात आलं. दार वाजवावं, नाव सांगावं. पण मग आत मोजणारी बाई विचारील, तू कोण? आणि ती म्हणेल, तेजस्वी. आणि आतली पण म्हणेल, तेजस्वी. आतलीला ठसका लागलाय, आतलीनं पाणी प्यायलंय.

दाराखालची उजेडाची रेघ विझली.

थोडा दम खाऊ, मग बघू, असं म्हणून तिनं छातीवर हात ठेवला. तीन जिने पळत चढून आली होती. अंधारात ती कान देऊन उभी राहिली, बराच वेळ.

दम लागलेला नव्हता.